एकादशीचा राघू

तो राघू माझा होता, हे मी आधीच सांगून टाकते. कारण पुढे कल्याणात ही गोष्ट कोणालाच आठवेनाशी झाली. आजही आमच्या आळीत विचारलं तर "थोरल्या सूनबाईंचा राघू ना?" असंच म्हणतील. मी त्या घरातली धाकटी सून. मला सहसा कोणी काही विचारत नाही, आणि विचारलं तरी माझ्या तोंडून शब्द लवकर फुटत नाही.

माझं माहेर ठाण्याचं. वडील कलेक्टर कचेरीत कारकून होते. संध्याकाळी ते सरळ घरी येत नसत; तळ्याला वळसा घालून येत, आणि त्यांच्या उपरण्याच्या टोकाला काहीतरी बांधलेलं असे. कधी उंबरं, कधी करवंदं, कधी शेवग्याची कोवळी डहाळी. आई म्हणे, "लोक मुलांना खाऊ आणतात, तुम्ही पाखराला आणता." राघू पिल्लू असताना कळव्याच्या एका मिठागरवाल्याने वडिलांना आणून दिला होता. वादळात झाड पडलं, त्याच्या ढोलीतलं एवढं एकच पिल्लू वाचलं होतं.

शेजारच्या घरांतही पोपट होते. त्यांना बारा महिने भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि वर एक मिरची. वडिलांना ते पटत नसे. "रानात त्याला रोज डाळ कोण वाढतं?" ते म्हणत. "आज एक झाड, उद्या दुसरं. आपण त्याचं रान काढून घेतलं. निदान ताट तरी रानासारखं असू द्यावं." म्हणून आमच्या राघूला डाळ एक दिवस, तर दुसऱ्या दिवशी मोड आलेले मूग, कधी खोपटच्या मळ्यातून भाजी घेऊन येणाऱ्या बाईकडचे वालाचे हिरवे दाणे, पेरूची फोड, आवळा, भोपळ्याच्या बिया, कोथिंबिरीच्या काड्या. मीठ नाही, तळलेलं नाही, साखर तर नाहीच. गोड हवं तर फळ खावं. दुपारी उरलेलं काढून वाटी घासून पालथी घालायची, कारण भिजलेलं धान्य उन्हाने आंबतं. हे सगळं माझ्याकडे होतं.

आणि एक गोष्ट मला माझी मलाच कळली होती. तोंडलं पिकून लाल झालं की भाजीला चालत नाही, बायका ते फेकून देतात. राघूला तेच हवं असे. इतर फळ तो टोचून बघे, अर्धं टाके. पिकलेलं तोंडलं मात्र एका पायात धरून, डोळे अर्धे मिटून, शेवटच्या बीपर्यंत खाई. कुंपणावरच्या वेलातून मी ते हुडकून आणी. वडिलांनासुद्धा हे मी सांगितलं नव्हतं.

मी मडमेच्या शाळेत इंग्रजी शिकत होते. वर्गात माझा आवाज मडमेच्या टेबलापर्यंत पोचत नसे. घरी राघूपुढे मात्र मी अख्खा धडा न अडखळता म्हणे. तो मान तिरकी करून ऐके आणि शेवटी "गुड मॉर्निंग" म्हणे. सकाळ असो की संध्याकाळ.

लग्नात तो माझ्याबरोबर कल्याणला आला. आगगाडीत पिंजरा माझ्या मांडीवर होता. सासरच्या ओट्यावर तो उतरवला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "सुनेबरोबर गाय पाठवतात असं ऐकलं होतं. हा आलाय, आता दूध कोणाचं काढायचं?"

मी मान खाली घातली. मागून कोणीतरी खळखळून हसलं आणि म्हणालं, "असू दे हो सासूबाई, गाय काय 'या बसा' म्हणते का?" लगेच सगळे हसले, सासूबाईसुद्धा. त्या माझ्या जाऊबाई.

त्यांच्याविषयी लिहायचं तर वाईट असं काहीच सापडत नाही, हीच माझी अडचण होती. त्या दिसायला देखण्या होत्या आणि आरती म्हणू लागल्या की रस्त्याने जाणारा माणूस थांबे. त्यांच्या हातच्या मोदकाला अशा कळ्या पडत की आत्याबाई, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या विधवा बहीण, एरवी कशालाच बरं न म्हणणाऱ्या, मोदक हातात फिरवून बघत बसत. अक्षरओळख नव्हती, पण घरातला प्रत्येक माणूस आपली गोष्ट आधी त्यांना सांगे. माझे यजमान मुंबईला कायद्याचा अभ्यास करत आणि शनिवारी घरी येत, दारातून आत आल्यावर त्यांची पहिली हाक "वहिनी!" अशी असे. लहानपणापासून वहिनींनीच त्यांना वाढवलं होतं. मला हे सगळं समजत होतं, आणि तरी मला त्यांचा मत्सर वाटे. हा शब्द मी मनातल्या मनातही इंग्रजीत म्हणत असे, म्हणजे घरच्या देवांना कळू नये.

मडमेच्या शाळेतली म्हणून मला सोवळ्याच्या स्वयंपाकघरात जायची परवानगी नव्हती. "अजून वर्षभर तरी नको," आत्याबाई म्हणाल्या. मला मागच्या पडवीत बसून तांदूळ निवडणं, नारळ खवणं, भाज्या चिरणं अशी कामं. राघूचा पिंजराही त्याच पडवीत टांगलेला होता, म्हणून मला त्याचं काही वाटलं नाही. पहाटे विहिरीवर गेले की मी परसातून त्याच्यासाठी काही ना काही तोडून आणी. पूजा आटोपली की जाऊबाई सोवळ्यातून बाहेर येत आणि दाराच्या उंबऱ्यातून डाळीची वाटी मला सरकवत. "घे गो, तुझ्या इंग्रजाला नैवेद्य."

मग आषाढी एकादशी आली.

आमच्याकडे एकादशीला सगळं घर उपास करी. एकादशी म्हणजे तांदूळ निवडायचे नाहीत, भाजी चिरायची नाही; मला पडवीतून कोणी हाक मारणार नाही. त्या सकाळी मी परसातच रमले. जांभळीखाली शेवटची जांभळं पडली होती. मी पदर भरून आणली आणि एकेक करून राघूला घातली. शिवाय पेरू, शिवाय तोंडलं. तो इतका जेवला की दांडीवर जड होऊन बसला.

उन्हं वर आली तेव्हा आत्याबाई पडवीत आल्या. "मुकं पाखरू ते, त्याला कसली एकादशी? थोरले, त्याला डाळ घाल हो."

जाऊबाईंनी वाटी पिंजऱ्यात ठेवली. राघूने डाळीकडे पाहिलं, आणि सावकाश वळून तिच्याकडे पाठ केली.

"अगो बाई!" आत्याबाईंचा हात छातीशी गेला.

जाऊबाईंनी डाळीचा एक दाणा बोटांत धरून त्याच्या चोचीपाशी नेला. त्याने मान फिरवली.

"एकादशी आहे म्हणून खात नाही!" आत्याबाई म्हणाल्या. "ए, बाहेर या गो सगळ्या! थोरलीच्या हातची डाळ, पण एकादशीला शिवत नाही बघा पाखरू!"

मी मोठ्या धीराने म्हणाले, "तो जांभळं खाऊन बसलाय. मी घातली सकाळी."

मग जाऊबाई हसू लागल्या. "अगो, जांभळं चालतात की उपासाला! म्हणजे फराळ करून बसलाय शहाणा!"

झालं. मी जे खरं सांगितलं तेच पुराव्याला लागलं. पुढच्या एकादशीलाही मला काम नव्हतं, पुढच्या एकादशीलाही राघू परसातलं पोटभर खाऊन बसला, आणि डाळीकडे त्याने पाठ केली. आता तर शंकाच उरली नाही. आळीत बोलबाला झाला. सासूबाई विहिरीवर सांगू लागल्या, "सकाळ-संध्याकाळ थोरली हरिनाम म्हणते ना, ते पडतं त्याच्या कानावर. संगत म्हणतात ती हीच."

बायका दर्शनाला येऊ लागल्या. पिंजरा मागच्या पडवीत, खरकट्याच्या जागेजवळ, कसा ठेवायचा? सासूबाईंनी तो पुढच्या ओसरीवर, देवघराच्या खिडकीपाशी टांगायला लावला. ओसरीवर सासरे बसत, त्यांच्याकडे माणसं येत. धाकट्या सुनेने तिथे कशाला जायचं? एकदा दिवेलागणीला मी मुठीत आवळ्याची फोड घेऊन गेले, तर सासूबाईंनी आतूनच विचारलं, "ओसरीवर काय हरवलंय गो?" मी फोड तशीच परत आणली आणि स्वतःच खाल्ली.

राघूचं खाणं आता पूर्णपणे जाऊबाईंकडे गेलं. त्यांनी ते मनापासून केलं, हेही मला सांगायला हवं. चातुर्मास लागलाच होता. त्याचाही चातुर्मास पाळायचा असं त्यांनी ठरवलं. धान्य बंद. श्रावणात पालेभाजी वर्ज्य, म्हणून शेवग्याचा पाला, कोथिंबीर बंद. तिखट तामसी, म्हणून मिरची बंद. राहिला फराळ. तुपात तळलेल्या रताळ्याच्या काचऱ्या, शिंगाड्याचा लाडू, दुधात भिजवलेलं केळं. वर दर्शनाला येणारी प्रत्येक बाई पेढा नाहीतर खडीसाखर आणी. जाऊबाई ते आपल्या बोटांनी बारीक करून भरवत आणि तो त्यांच्या बोटांवरून खाई.

मी हे दाराच्या फटीतून बघत असे. माझ्या बोटांवरून त्याने कधी खाल्लं नव्हतं. मला सवयच नव्हती लावायची. वडील म्हणत, त्याचं त्याला धरून खाऊ दे, पाय कशाला दिलेत. आता वाटलं, मी त्याला इतकी वर्षं नुसतंच वाढलं. भरवायला मात्र यांना एका महिन्यात जमलं. एक दिवस ओसरीवरून "हरि हरि" असा त्याचा आवाज आला. जाऊबाईंच्याच सुरातला, शेवटी लाडिक हेलकावा देऊन. "गुड मॉर्निंग" पुन्हा मी ऐकलं नाही.

माझ्या मत्सरात एक भीती मिसळायला लागली ती भाद्रपदात. राघू अंगाने वाढला होता, पण खाऊन गुबगुबीत होतात तसा नव्हे, सुजल्यासारखा. पिसांचा हिरवा रंग जुन्या लुगड्यासारखा विटला. आश्विनात तो दिवसभर पिसं फुलवून, डोळे मिटून बसू लागला. शेपटीखालची पिसं ओली राहत. मग त्याने खाणं सोडलं. पेढासुद्धा.

घरात कोणी घाबरलं का? आत्याबाई हात जोडून म्हणाल्या, "पुण्यात्मा आहे. कार्तिकीला देह ठेवणार बघा." त्यानंतर बायका दुप्पट येऊ लागल्या.

शनिवारी यजमान आले तेव्हा मी त्यांना म्हणाले, "राघू मरेल. त्याला उपास सोसत नाहीये. जाऊबाईंना सांगाल का?"

"वहिनींना?" ते चकित झाले. "वहिनी त्याला जिवापाड जपतात. काल त्याने खाल्लं नाही म्हणून त्यांनी स्वतः पान सोडलं, आई सांगत होती." मग हसत म्हणाले, "तू आपला इंग्रजीचा अभ्यास चालू ठेव. पाखरांचं वहिनी बघतील."

त्यांच्यावर चिडायला हवं होतं. मला जे लागलं ते दुसरंच. जाऊबाईंनी पान सोडलं ते घरभर कळलं; मी सोडलं असतं तर कोणी विचारलंही नसतं.

कार्तिकीच्या आदल्या दिवशी खडवलीहून कूळ नव्या भाताच्या लोंब्यांची जुडी घेऊन आलं, दारावर बांधायला. लोंब्या अजून हिरवट होत्या, दाणा दाबला तर दुधाळ. मला एकदम ठाण्याचा आश्विन-कार्तिक आठवला. वडील लोंबी पिंजऱ्याच्या गजाला उलटी बांधत आणि राघू डोकं खाली, पाय वर करून एकेक दाणा सोलत बसे.

कार्तिकीला पुरुष देवळात भजनाला गेले. ओसरीवर बायकांची दाटी झाली, म्हणून मलाही तिथे उभं राहता आलं. जाऊबाई पिंजऱ्यापाशी बसल्या होत्या, चेहरा उतरलेला, बोटांवर लाडवाचा चुरा. "खा रे राजा, एवढं तरी," म्हणत होत्या. राघू डोळे उघडत नव्हता.

मी दारावरच्या जुडीतून एक लोंबी ओढून घेतली. माझ्या दुसऱ्या मुठीत आणखी काहीतरी होतं, सकाळी कुंपणावर सापडलेलं. मी बायकांमधून वाट काढत पुढे गेले. पिंजऱ्याचं दार उघडलं आणि आधी ती मूठ आत नेली. पदराआड कोणाला काही दिसलं नाही. राघूने एक डोळा उघडला. मग दुसरा. त्याने एक पाय पुढे केला, थरथरत, आणि माझ्या मुठीतलं लाल तोंडलं उचललं. ते चोखून झाल्यावर मी लोंबी धरली. त्याने एक दाणा तोडला. सोलला. फोलपट खाली पडलं.

त्या फोलपटाकडे आधी आत्याबाईंचं लक्ष गेलं.

"भात!" त्या किंचाळल्या. एकादशीला भाताच्या दाण्यात पाप येऊन बसतं असं त्याच आम्हाला सांगत. "कार्तिकीच्या दिवशी भात! अगो, बाटवलंन पाखरू! तरी मी म्हणत होते, मडमेच्या शाळेतली—"

"चार महिन्यांचं तप गेलं हो," एक बाई म्हणाली.

"जावेचं बघवलं नाही, दुसरं काय," दुसरी म्हणाली.

हे दुसरं खरं होतं. सासूबाई उठून उभ्या राहिल्या. मी लोंबी तशीच धरून ठेवली. राघू खात होता, आणि त्याने थांबेपर्यंत हात काढायचा नाही एवढंच मी ठरवलं होतं.

तेवढ्यात जाऊबाई बोलल्या. आवाज अगदी साधा, जसं कोणी मीठ मागावं.

"आत्याबाई, आजारी माणसाला कुठे एकादशी असते? तापातून उठलात तेव्हा तुम्हाला मीच दिली नव्हती का पेज? एकादशीचीच होती."

सासूबाई बसल्या. "खरंच की," कोणीतरी म्हणालं. "लेकराला आणि दुखणाइताला उपास नाही." "किती समजूतदार हो थोरल्या." बघता बघता ओसरीवरचं वारं फिरलं. बायका घरी जाताना सांगत गेल्या त्या असं, की थोरलीने स्वतःचं नाव जाऊ दिलं पण पाखराचा जीव वाचवला.

लोंबी माझ्या हातात होती.

मला सांगायला नको की त्या एका वाक्याने त्यांनी मला वाचवलं. ते मला तेव्हाही कळलं होतं. पण ते वाक्य त्यांना सुचलं, मला नाही, याचाच मला हेवा वाटत राहिला. आषाढापासून तसं वाक्य माझ्याजवळ असतं तर राघू ओसरीवर गेलाच नसता. चार महिने मी 'मीठ नाही, साखर नाही' एवढंच मनात घोकत बसले. या घरात कोणत्या शब्दाने दार उघडतं ते त्यांना ठाऊक होतं.

संध्याकाळी त्यांनी स्वतः पिंजरा उचलून मागच्या पडवीत आणला आणि जुन्या खुंटीला टांगला. सासूबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बरा होईपर्यंत त्याचं खाणं धाकटीकडे." माझंच मला दान मिळालं. मी वाकून नमस्कार केला, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना.

दुसऱ्या दिवशी द्वादशी. पहाटे मी राघूला लोंबी दिली, शेवग्याची चार पानं दिली, मोड आलेले मूग दिले. अजून तो अशक्त होता, पण टाकून टाकून, निवडून निवडून खात होता. जे पाखरू अन्न टाकतं ते जगतं, असं वडील म्हणत. पारण्याच्या वेळी जाऊबाई डाळीची वाटी घेऊन आल्या. "घे रे, आता तर चालेल ना?"

राघूने डाळीकडे पाहिलं आणि सावकाश पाठ केली.

त्या वाटी धरून उभ्या राहिल्या. आधी पिंजऱ्यातल्या फोलपटांकडे, मग माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, "आषाढीलाही हा असाच भरल्या पोटाने बसला होता?"

"हो."

"तू सांगितलंस, आणि मी हसले."

त्या सोवळ्यात होत्या, तरी पडवीच्या पायरीवर बसल्या. पुन्हा स्नान करावं लागणार होतं त्यांना. "काय काय घालतेस गो त्याला? मला सांग. एकेक करून सांग."

त्या घरात मला असं कोणी पहिल्यांदाच विचारलं. मी सांगत गेले. डाळ रोज नाही. मूग, वाल, पेरू, आवळा, पाला. दुपारी वाटी घासायची. भरवायचं नाही, त्याचं त्याला धरू द्यायचं. त्या बोटांची पेरं मोजत ऐकत होत्या, आणि मला ठाऊक होतं की यातलं त्या एकही विसरणार नाहीत. मी बोलता बोलता इतकी मोकळी झाले की माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"पण काल," त्यांनी विचारलं, "डोळेसुद्धा उघडत नव्हता. लोंबी नुसती दिसली म्हणून उठला का? याला सगळ्यांत आवडतं तरी काय?"

त्यांच्या मागे कुंपण होतं. वेलावर, पानांआड, एक तोंडलं लाल झालेलं मला बसल्या जागेवरून दिसत होतं.

"असं वेगळं काही नाही," मी म्हणाले. "सगळंच खातो."